आरए निगेटिव्ह, म्हणून फॉर्म परत

ज्या रुग्णालयात मला संधिवाततज्ज्ञांचा नंबर हवा होता, तिथल्या नवीन पेशंटच्या फॉर्मवर ‘आरए फॅक्टर’ (संधिवातात बऱ्याचदा रक्तात सापडणारी एक अँटिबॉडी) अशी एक चौकट आहे. त्यात ‘पॉझिटिव्ह’ असेल तर फॉर्म आत जातो, ‘निगेटिव्ह’ असेल तर खिडकीवरूनच परत. आता माझे हात बऱ्यापैकी चालतात, तरी त्या चौकटीचा राग काही गेलेला नाही. हे लिहिण्याचा कुणाला उपयोग झाला तर चांगलंच, पण लिहायला बसले ती रागानेच.

दुखणं थोडक्यात सांगते. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजली, मग मनगटं, मग पायांचे चवडे. सकाळी मूठ वळायची नाही. टूथपेस्टचं झाकण दोन तळहातांच्या मध्ये धरून फिरवायचे, आणि बटणांचे कपडे तर कपाटातच राहिले. दुपारपर्यंत हात हळूहळू सुटायचे. हेच पुढे नडलं, कारण डॉक्टरांची भेट बहुधा दुपारची. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले, आरए फॅक्टर निगेटिव्ह, यूरिक ॲसिड ठीक, एक्स-रे स्वच्छ. तपासण्यांच्या त्या पॅकेजात ‘एएसओ टायटर’ही होतं, म्हणजे घशाच्या एका जंतुसंसर्गाचा माग काढणारी तपासणी. त्याचा माझ्या बोटांशी काय संबंध, असं पुढे संधिवाततज्ज्ञ बाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. फॅमिली डॉक्टरांनी ‘संधिवाततज्ज्ञांना दाखवावे’ अशी चिठ्ठी दिली. इथवर कुणाबद्दल तक्रार नाही.

चिठ्ठी घेऊन खिडकीवर गेले.

“आरए निगेटिव्ह आहे. ऑर्थोला दाखवा.”

“अहो, पण चिठ्ठी संधिवात विभागाची आहे.”

“मॅडम, निगेटिव्ह घेत नाहीत इथे. वेटिंग बघताय ना?”

ऑर्थोच्या ओपीडीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाले, हाडं उत्तम आहेत, हे संधिवाताचं वाटतंय. मी म्हटलं, त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय. त्यांनी सुस्कारा टाकून केसपेपरवर ‘संधिवात विभागाचे मत घ्यावे’ असं लिहिलं आणि खाली, बहुधा माझं समाधान म्हणून, ‘फिजिओथेरपी’. परत खिडकी. बाईंनी ऑर्थोचा शेरा वाचलासुद्धा. मग रिपोर्टाचं पान उलटलं आणि बोट बरोबर त्याच ओळीवर ठेवलं. “रिपोर्ट परत करा. पॉझिटिव्ह आला की या.”

म्हणजे आजाराने आधी आपली कागदपत्रं पूर्ण करायची आणि मग रांगेत उभं राहायचं! मी तपासणी परत केली. परत निगेटिव्ह. परत तीच खिडकी, तेच बोट, तीच ओळ. काचेला आतून एक छापील कागद चिकटवलेला होता, त्यावर नियम लिहिलेला. त्यामुळे बाईंशी भांडून उपयोग नव्हता, तरी भांडले.

या फेऱ्यांमध्ये जे वाचलं आणि पुढे डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं, ते इथेच सांगते, कारण ते मला आधी माहीत असतं तर भांडण जरा मुद्देसूद झालं असतं. ऱ्हुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो, मला झालेला) असलेल्या दर शंभरातल्या साधारण वीस-तीस जणांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. उलट धडधाकट म्हाताऱ्या माणसांत, किंवा हिपॅटायटिस सी सारख्या भलत्याच आजारात तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ असणं ही तर नेहमीची गोष्ट. संधिवाततज्ज्ञांच्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी 2010 मध्ये मिळून जे निकष ठरवले त्यात एकूण 10 गुण आहेत आणि 6 मिळाले की ऱ्हुमॅटॉइड संधिवात धरतात. अट एवढीच, की किमान एका सांध्याला डॉक्टरांना नक्की सूज दिसली पाहिजे आणि त्या सुजेचं दुसरं पटण्यासारखं कारण नको. लहान सांध्यांसकट दहापेक्षा जास्त सांधे सुजलेले किंवा दुखरे असतील तर 5 गुण, सीआरपी किंवा ईएसआर वाढलेला असेल तर 1, आणि त्रास सहा आठवडे किंवा जास्त टिकला असेल तर 1. झाले 7. रक्तातल्या अँटिबॉडींचे जास्तीत जास्त 3 गुण, आणि ते शून्य धरूनही मी पास होते. जगभरच्या तज्ज्ञांच्या हिशेबात बसणारी बाई त्या खिडकीच्या चौकटीत मात्र बसत नव्हती.

गाळणी लागते, हे मला कळतं. संधिवाततज्ज्ञ थोडे आणि सांधे दुखणारे उदंड. झिजलेले गुडघे, अवघडलेली पाठ, खांदा धरलेला, सगळे एकाच दाराशी आले तर ज्याला तातडीने औषध हवं तो मागेच राहणार. पण मग गाळणी कामाची हवी ना! सकाळी किती वेळ आखडलेलं असतं, सूज डोळ्यांना दिसते का, किती आठवडे झाले, हे तीन प्रश्न कुणीही विचारू शकतं, त्याला सुईसुद्धा लागत नाही. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. दाहाच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडसारख्या, संधिवातात तो तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. फॉर्मवर हे कुठेच नव्हतं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, एवढं मात्र विचारलं होतं. मी आठ लिहिलं. ते कुणी वाचल्याचं दिसलं नाही.

आणि हा वेळ फुकट जात नसतो. युरोपीय शिफारस अशी, की लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांनी पेशंट पाहावा आणि तीन महिन्यांच्या आत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं, कारण सांध्याची एकदा झालेली झीज भरून येत नाही. ही मुदत मी खिडकीसमोर संपवली.

सुटका झाली ती केसपेपरच्या तळाशी लिहिलेल्या फिजिओथेरपीमुळे. तिथल्या मुलीने हस्तांदोलन करावं तसा माझा हात धरला आणि बोटांच्या मुळाशी आडवं, अगदी हलकं दाबलं. मी खुर्चीतून उठलेच. तिने दुसरा हात तसाच दाबला, मग चवडे. “हे व्यायामाने जाणारं नाही ताई, आधी औषध लागेल,” म्हणाली आणि पत्र लिहायला बसली. ते पत्र मी जपून ठेवलंय. सर्वांत वर, अधोरेखित: ‘दाहक संधिवाताचा संशय, लवकर तपासणी आवश्यक’. खाली सुजलेल्या सांध्यांची नावं आणि संख्या, सकाळचा ताठरपणा मिनिटांत, त्रास सुरू झाल्याची तारीख, सीआरपीचा आकडा. आरए फॅक्टर निगेटिव्ह हेही तिने लपवलं नाही, फक्त शेवटच्या ओळीत लिहिलं. “खिडकीवर देऊ नका, आत ओपीडीच्या सिस्टरना द्या.”

सिस्टरनी ते उभ्या-उभ्याच वाचलं आणि एका रद्द झालेल्या नंबरवर माझं नाव चढवलं. खिडकीवरच्या बाईंनी त्याच फॉर्मवर, त्याच ‘निगेटिव्ह’वर, शिक्का मारून दिला.

पुढचं सगळं सरळ झालं. तपासणी, सोनोग्राफीत सांध्याच्या अस्तराला सूज, अँटी-सीसीपी (ऱ्हुमॅटॉइडसाठी बघतात ती दुसरी अँटिबॉडी) तीही निगेटिव्ह, निदान, आणि मूळ आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी. या गोळीबद्दल एक गोष्ट ठासून सांगते: ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या वारी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. रक्ततपासण्या वेळच्या वेळी करा, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

आता मधलंच एक. निदान होण्याआधी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ केलं तर विचारा, की संधिवाततज्ज्ञांना दाखवेपर्यंत थांबता येईल का. त्याने सूज उतरते आणि नेमक्या तपासणीच्या दिवशी हातात दाखवायला काही उरत नाही.

बोटं सुजायला लागली की अंगठ्या लगेच काढा. माझी शेवटी कापावी लागली.

चपला-बूट काढून पाय दाखवा, कुणी सांगायची वाट बघू नका. आजार किती आटोक्यात आहे हे मोजायला जो 28 सांध्यांचा हिशेब करतात, त्यात पावलं धरलेलीच नाहीत. माझे हात सुधारले तेव्हा आकडा छान आला, चवडे मात्र पेटलेले. मी मोजे काढले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं दाखवलंत, आणि डोस वाढवला.

रुग्णालयाला मी लेखी कळवलं. तीन प्रश्न टाइप करून दिले, चौकटीच्या जागी हे छापा म्हटलं, आणि फिजिओथेरपिस्टना थेट संधिवात विभागात पेशंट पाठवायची मुभा द्या असंही लिहिलं. सांधे हाताने चाचपून बघणारा त्या सगळ्या वाटेवर मला भेटलेला पहिला माणूस तीच होती. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. मागच्या तपासणीला गेले तेव्हा काचेवरचा कागद गेला होता, फॉर्म जुनाच होता. सिस्टर म्हणाल्या, आधीचा साठा संपला की नवीन येईल. पुढच्या वेळी परत बघणार आहे.

एक राहिलं, आणि खरं तर हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं: सकाळी उठल्या-उठल्या हातांचे फोटो काढा, तारखेसकट. मूठ वळवायचा प्रयत्न करताना एक छोटा व्हिडिओही घ्या. दुपारी डॉक्टरांसमोर हात सुटलेले असतात, तेव्हा तोच कामी येतो.