खात्रीची शाळा पहिल्या ओळीत

हायस्कूलचे अर्ज बंद व्हायचा दिवस होता. दुपारी अडीचला एका मुलीचा अर्ज उघडला आणि थबकले. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी शाळेत मी आठवीच्या मुलांची समुपदेशक आहे. अर्जात तेव्हा १२ पर्याय भरता येत, हिने ११ भरले होते. पहिल्या ओळीत घराजवळची शाळा. नुसत्या पत्त्यावर हमखास जागा देणाऱ्या शाळा शहरात फार उरलेल्या नाहीत, ही त्यांतली एक. गुणांवर निवड करणारी, तिला मनापासून हवी असलेली शाळा होती चौथी.

वडिलांना फोन लावला. त्यांचं म्हणणं, लॉटरी क्रमांक वाईट आलाय, मग पहिला पर्याय कशाला वाया घालवायचा?

क्रमांक वाईट होता हे खरंच. प्रत्येक मुलाला ३२ चिन्हांचा क्रमांक मिळतो. ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी सोळा चिन्हं, आणि सुरुवात जितकी लहान तितकं बरं. हिचा सुरू होत होता ‘सी८’ने. सी म्हणजे १२, म्हणून १२ गुणिले १६ अधिक ८, बरोबर २००. पहिल्या दोन चिन्हांच्या २५६ जोड्या होतात, म्हणजे साधारण ७८ टक्के मुलं हिच्या पुढे. पण गुणांवर निवड करणाऱ्या शाळेत आधी गट बघतात. सातवीतल्या चार मुख्य विषयांच्या सरासरीवरून गट पडतात आणि लॉटरी क्रमांक बघतात तो गटाच्या आत. ही पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटात होती. (एका शाळेतले ९५ आणि दुसरीतले ९५ सारखे असतात का, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.)

खरी चूक क्रमाची होती. संगणक आधी प्रत्येक मुलाला त्याच्या पहिल्या शाळेच्या दारात उभं करतो. शाळा गट, प्राधान्य आणि क्रमांक बघून जागा तात्पुरती धरते. ज्याला नकार मिळतो तो आपल्या दुसऱ्या पर्यायाकडे जातो, आणि तिथे आधी धरलेल्या एखाद्यापेक्षा त्याचा हक्क वरचा असेल तर त्याला बाजूला सारतो. शाळेला तुम्ही तिला कितवी लिहिलीत हे दिसतच नाही. म्हणून वरच्या ओळीत नकार मिळाल्याने खालच्या ओळीचं काही बिघडत नाही. खात्रीची शाळा वर टाकली की मात्र तिच्याखालच्या सगळ्या ओळी मेल्या. हिच्या अर्जात दहा ओळी अशाच पडून होत्या.

वडिलांना हा सल्ला एका नातेवाइकाने दिला होता, आणि त्याच्या काळी तो बरोबरच होता. २००४ च्या प्रवेशांपासून पद्धत बदलली. त्याआधी पाचच पर्याय असत, शाळांना पसंतीक्रम दिसे आणि काही शाळा पहिली पसंती देणाऱ्यांनाच घेत. तेव्हा भीतीने क्रम लावणं शहाणपणाचं होतं.

स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक या शहरातल्या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी हायस्कूलांबाबतही हाच घोटाळा होतो. तिथे १९७१ च्या कायद्याने फक्त परीक्षा धरतात. सर्वांत जास्त गुणांपासून खाली येत, ज्याच्या त्याच्या यादीतली जागा शिल्लक असलेली वरची शाळा देतात. कटऑफ आधी ठरलेला नसतो, शेवटच्या मुलाचे गुण तोच कटऑफ. सोपी म्हणून ब्रुकलिन टेक वर लिहिणाऱ्याला स्टायव्हेसंटपुरते गुण पडले तरी टेकच मिळते.

क्रम बदलताना आणखी एक सापडलं. सातव्या ओळीत शाळा बरोबर होती, पण कोड तिच्या संगीत अभ्यासक्रमाचा. एकाच शाळेच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा कोड वेगळा असतो, आणि संगीताला ऑडिशनचं रेकॉर्डिंग लागतं. ते दिलेलं नव्हतं, म्हणजे ती ओळ असून नसल्यासारखी. ती काढून त्याच शाळेचा साधा अभ्यासक्रम घातला, हवी असलेली शाळा पहिली केली, घराजवळची अगदी तळाला नेली. वडील दोनदा म्हणाले, “पण ती जाणार नाही ना हातची?” जाणार नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला.

मार्चमध्ये तिला दुसऱ्या ओळीतली शाळा मिळाली. पहिल्या ओळीतल्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव आपोआप लागलं, पण ‘सी८’ तिथेही आडवा आलाच.