आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यातून

सुरुवात रिपेअरिंगने झाली. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा छोटा गाळा, मी आणि माझा मेव्हणा, आजूबाजूच्या कंपन्यांचे बंद पडलेले ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर), पॉवर सप्लाय आणायचे, तापकीर गल्लीतून पार्ट घ्यायचे आणि चालू करून द्यायचे. बरं चाललं होतं.

एका फाउंड्रीतून मात्र एकाच डिझाइनचे बोर्ड सारखे यायचे, पावसाळ्यात तर जास्तच, आणि प्रत्येकावर ऑप्टोखाली (दोन सर्किट वेगळी ठेवून उजेडाने सिग्नल नेणारा पार्ट) दोन पॅडच्या, म्हणजे पाय सोल्डर करायच्या जागांच्या मधे काळी, फांद्या फुटल्यासारखी रेघ. बोर्ड बनवणारा म्हणायचा की हायपॉट (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासायची टेस्ट) पास आहे, आणि ते खोटं नव्हतं, पण हायपॉट होते नव्या, कोरड्या, स्वच्छ बोर्डवर. फाउंड्रीत धूळ बसते, त्यात दमट हवा, मग पृष्ठभागावरून बारीक करंट वाहायला लागतो, ओल कुठेतरी सुकते तिथे ठिणगी पडते, बोर्डचं एपॉक्सी जळून कार्बन होतो आणि कार्बन तर करंट नेतोच. याला महिने लागतात, टेस्ट मिनिटाची.

तिथून आम्ही क्रीपेज-क्लिअरन्सच्या मागे लागलो. क्लिअरन्स म्हणजे हवेतून सरळ अंतर, ते सर्जवर, म्हणजे अचानक येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्यावर ठरतं. क्रीपेज म्हणजे पृष्ठभागावरून, ते रोजच्या व्होल्टेजवर, मटेरियलवर आणि घाणीवर. आयईसी ६०६६४-१ या इन्सुलेशनच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचं क्रीपेजचं टेबल बघा, २५० व्होल्ट, साधा एफआर४ (बोर्डचं नेहमीचं मटेरियल), ऑफिससारखी जागा म्हणजे पोल्युशन डिग्री (घाणीची पातळी) २, तर बेसिक (एकेरी) इन्सुलेशनला २.५ मिमी, रीइन्फोर्स्डला (दुहेरीइतकं भक्कम) दुप्पट म्हणजे ५. तोच बोर्ड फाउंड्रीत, डिग्री ३, की ४ आणि ८. नेहमीच्या ऑप्टोच्या पायांमधलं अंतरच ७.६२ मिमी, पॅड धरले की त्याहून कमी, मग ८ येणार कुठून? लोक खाली बोर्डला स्लॉट (आरपार फट) मारतात, बोर्डचं क्रीपेज वाढतं, पण ऑप्टोच्या बॉडीवरून जाणारा रस्ता तेवढाच राहतो हो! रुंद पायांचा, १०.१६ वाला घ्यावा लागतो, महाग पडतो, पार्टी कुरकुर करते.

यावरूनच आम्ही रिपेअरिंग कमी करून डिझाइन रिव्ह्यू सुरू केला, पुढे स्वतःचे हाय व्होल्टेज सप्लायही. घरचे म्हणाले चालू धंदा का सोडताय, आणि पहिली दोन-तीन वर्षं त्यांचंच खरं वाटत होतं.

एक ऑर्डर लेहसाठी होती. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर, तिथे हवा विरळ म्हणून ठिणगी लवकर उडते. टेबलमधली क्लिअरन्स २००० मीटरपर्यंतची, पुढे गुणक लागतो, ३००० ला १.१४, ४००० ला १.२९, आम्ही सरळ ४००० चा लावला. क्रीपेजला हा गुणक नाही, फक्त ते क्लिअरन्सपेक्षा कमी राहता कामा नये. पुण्यात बसून हे कुणाच्या डोक्यात येत नाही, आपण जेमतेम ५६० मीटरवर.

आता काम घेताना फॉर्म पाठवतो. बसणार कुठे, फॅन आहे की सीलबंद, उंची किती, प्लगवर चालणार की थेट पॅनेलला (२३० व्होल्टच्या प्लगवाल्या वस्तूला सर्ज २५०० व्होल्ट धरतात, पॅनेलला ४०००, क्लिअरन्स १.५ मिमीची ३ होते), आणि मग व्होल्टेज. रिव्ह्यूचे पैसे मात्र अ‍ॅडव्हान्स, कारण रिपोर्ट गेला की बोर्डची साइज वाढते आणि पार्टीचा मूड जातो.