रामचंद्रमधला ‘द्र’

दिवाळीच्या तोंडावरचं दूधबिल म्हणजे आमच्या दूध संघाच्या संगणक विभागाची कसोटी. बिल दर दहा दिवसांनी निघतंच, पण या बिलात बोनस असतो आणि घराघरांत पावती निरखून पाहिली जाते. त्याच सकाळी एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “मॅडम, पाटलांच्या पोरीच्या पावतीवर बापाचं नाव अर्धंच आलंय. पुढं शंकरपाळीत प्रश्नचिन्ह आहे.”

ती शंकरपाळी म्हणजे काय ते लगेच कळलं. बाइट (संगणकातलं साठवणुकीचं छोटं एकक) तुटले की प्रोग्राम त्या जागी काळ्या तिरक्या चौकोनात प्रश्नचिन्ह दाखवतो. प्रश्न एवढाच होता की ते तुटले कुठे.

याच बिलापासून आम्ही सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टातून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणली होती. जुन्या फॉन्टात एका खुणेला एक बाइट लागायचा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना अक्षरं चारच, पण साठवताना चिन्हं १० आणि बाइट ३०. पावत्यांचा सी भाषेतला प्रोग्राम फार जुना, आणि त्यात नावाला जागा ४० बाइटची. आधी ती पुरून उरायची.

मी रेकॉर्ड हेक्सडंपमध्ये उघडला; त्यात प्रत्येक बाइट सोळाच्या पायातल्या दोन अंकांत दिसतो. ‘पाटील सई ज्ञानेश्वर’ (नावं बदलली आहेत, मापं खरी आहेत) हे नाव ५३ बाइटचं. स्ट्रएनकॉपी या सी भाषेतल्या मजकूर उतरवून घेणाऱ्या फंक्शनने पहिले ४० उचलले. ‘पाटील’चे १५, ‘सई’चे ६ आणि दोन मोकळ्या जागांचे २, मिळून २३. उरलेल्या १७ मध्ये ‘ज्ञान’चे १५ बसले, आणि शेवटी ई० ए५ हे दोन बाइट लोंबकळत राहिले. ‘न’वरच्या मात्रेचे बाइट ई० ए५ ८७. त्यातला ८७ बाहेर राहिला होता.

यात स्ट्रएनकॉपीला दोष देण्यात अर्थ नाही. ते फंक्शन जुन्या युनिक्समध्ये ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठीच बनलं. तिथे फाइलच्या नावाला १४ बाइट असत. ते बाइट मोजतं, अक्षर त्याला माहीतच नाही.

मग शेल स्क्रिप्टने, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडांच्या फाइलने, हे आधी का पकडलं नाही? छपाईआधी ४० पेक्षा लांब नावं वेगळी काढायची तपासणी तिच्यात होती. हाताने चालवली की ती ‘एकही लांब नाव नाही’ म्हणायची, आणि रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालली की भलीमोठी यादी टाकायची. टर्मिनलवर लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीची सेटिंग, यूटीएफ-८ चं होतं, त्यामुळे स्क्रिप्ट चालवणारं बॅश चिन्हं मोजत होतं: सईचं नाव १९. आमच्या मशिनवर क्रॉनला ते लोकेल मिळत नव्हतं, म्हणून तेच बॅश बाइट मोजत होतं: ५३. रात्रीची यादीच बरोबर होती, पण ती चुकीची समजून बाजूला पडली होती. एकाच स्क्रिप्टची दोन उत्तरं येतात तेव्हा सोयीचं उत्तर खरं मानू नये, असं मी तेव्हापासून आग्रहाने सांगते.

सहकाऱ्याने पटकन उपाय सुचवला. “ताई, चाळीसच्या पुढचा बाइट ८० ते बीएफमधला, म्हणजे चिन्हाचा पहिला नसलेला, असेल तर चिन्ह मध्येच तुटतंय. तो तसा नसेपर्यंत मागे सरकू आणि तिथे कापू. शंकरपाळी गेली!” तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं अचूक होतं. पण चौकोन गेला तरी पावतीवर सईच्या वडलांचं नाव ‘ज्ञान’च राहणार होतं.

आणि तेव्हाच डोक्यात आलं की अशी चौकोन न येता कापली गेलेली नावं किती असतील? चाळिसाव्या बाइटआधी मोकळी जागा एकच आली, तर उरलेल्या ३९ मध्ये बरोबर १३ चिन्हं बसतात. काप नीट चिन्हाच्या हद्दीवर पडतो, काहीही विचित्र दिसत नाही. छापलेला गठ्ठा चाळला आणि सापडलं: ‘गायकवाड रामचंद’. शेवटचा ‘द्र’ फुटून नुसता ‘द’ उरलेला, बापाचं नाव तर गायबच. पावती दिसायला अगदी व्यवस्थित. सचिवांचा फोन आला तो सईच्या नावात दोन मोकळ्या जागा होत्या म्हणून. रामचंद्रच्या नावासाठी कुणीच फोन केला नसता, आणि त्या पावतीचं नाव बँकेच्या पासबुकाशी जुळलं नसतं.

मी सांगितलं, नाव कापायचंच नाही. रकाना १६० बाइटचा केला. बिलाचा आणि छपाईचा प्रोग्राम रकान्याच्या मापाची एकच हेडर फाइल वापरत असल्याने दोन्ही पुन्हा कंपाइल केले. ओळीत न मावणारं नाव फक्त मोकळ्या जागेवर मोडून दुसऱ्या ओळीत घेतलं. लांबीची तपासणी आता डब्ल्यूसी ही मोजणारी कमांड बाइटमध्येच करते, मग लोकेल काहीही असो.

यूटीएफ-८ वैध आहे का हे आयकॉन्व्ह हे मजकूर-रूपांतराचं साधन सांगतं, पण ‘रामचंद’ वैधच आहे. म्हणून छपाईच्या फाइलमधून नावं परत काढून मूळ यादीशी डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) ताडून पाहिली. डिफ रिकामा आल्यावरच सगळ्या पावत्या नव्याने छापायला सोडल्या. पहाटेच्या दुधाच्या गाडीबरोबर गठ्ठे गावोगाव गेले, आणि आधीच्या पावत्या आम्ही परत मागवून घेतल्या.