मुंबई की कर्नाटक? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. "तुम्ही बेळगावची मराठी माणसं. रणजी करंडकाच्या क्रिकेटमध्ये मुंबई आणि कर्नाटक समोरासमोर आले, तर तुम्ही कुणाकडून?" बंगळूरला गेलो, की तिथले मित्रही हेच विचारतात. चाळीसेक वर्षं मी आमच्या क्रिकेट क्लबात आहे. आधी खेळलो, मग स्कोअर लिहिला, आता पीचवर अंथरायची मॅट सांभाळतो. या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर माझ्याजवळ नाही. क्लबाची गोष्टच सांगावी लागते.

मी शहापूरचा. आज शहापूर म्हणजे बेळगावातलाच एक भाग. कुठे बेळगाव संपलं आणि कुठे शहापूर लागलं, हे नवख्याला कळतही नाही. पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव १९४७ पर्यंत इंग्रजांच्या मुलखात. कॅम्पात लष्कर होतं, लष्करामुळे क्रिकेट होतं. माझे आजोबा रविवारी गोऱ्या सोल्जरांचा खेळ बघायला पायी कॅम्पात जायचे, तेव्हा वाटेत त्यांचं राज्य बदलायचं. तिथून टाकून दिलेला एखादा झिजका बॉल घेऊन पोरं परत यायची आणि आमच्याकडे माळावर खेळ सुरू व्हायचा. बॅटचा दांडा सैल झाला, तर मागावरचं सूत मेण लावून त्यावर गुंडाळायचे. शहापूर, वडगाव, खासबाग म्हणजे विणकरांची वस्ती, सुताला तोटा नव्हता. तशी घट्ट बांधणी मी अजून कुठल्या दुकानातल्या बॅटवर पाहिलेली नाही.

संस्थान विलीन झालं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. या सगळ्यात आमचा क्लब मात्र त्याच गल्लीत, त्याच खोलीत राहिला.

त्या खोलीत पत्र्याची एक ट्रंक आहे आणि ट्रंकेत जुनी स्कोअरबुकं आहेत. सगळ्यात जुनी वही आडवी, पुठ्ठा लाल कापडाचा, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. ती लिहिणारे प्राथमिक शाळेत मास्तर होते. अक्षर असं, की शून्यसुद्धा वळणदार. प्रत्येक पानावर 'ठिकाण' म्हणून त्यांनी 'बेळगाव, मुंबई राज्य' लिहिलंय. नोव्हेंबर १९५६ नंतरच्या पानांवर नुसतं 'बेळगाव' आहे. पुढे स्वल्पविराम दिलाय आणि जागा मोकळी सोडलीय. पुढची कित्येक पानं तशीच. मी पहिल्यांदा ती वही चाळली तेव्हा विशीत होतो. त्या मोकळ्या जागेवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो, एवढं आठवतं.

मास्तर आम्हा पोरांना पालवणकर बाळूंची गोष्ट सांगायचे. धारवाडला जन्मलेला डावखुरा फिरकी बॉलर, जातीने चांभार. पुण्यात स्वतःच्याच संघातल्या सवर्ण खेळाडूंनी त्यांना चहा बाहेर उभं करून मातीच्या भांड्यात दिला. तेच बाळू १९११ मध्ये भारताच्या संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि शंभराहून जास्त विकेट घेऊन आले. गोष्ट संपली, की मास्तर मैदानावरच्या माठाकडे बोट करायचे. आमच्या क्लबाचा माठ एक आणि पेला एक. विणकर, शेतकरी, मराठा, लिंगायत, मुसलमान, सगळे त्याच पेल्याने प्यायचे. मला क्लबाचा वारसा म्हणून काही दाखवायला सांगितलं, तर कपाटातल्या ढाली सोडून मी आधी तो पेला दाखवेन.

१९५६ नं खेळाचा रस्ताही बदलला. आधी चांगला खेळणारा पोरगा पुण्याकडे बघायचा, नंतर हुबळीकडे बघायला लागला. आमच्या लीगच्या मॅचेस कर्नाटक क्रिकेट संघटनेच्या धारवाड झोनमध्ये. हुबळी नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, तिथे नाव झालं तर पुढे बंगळूर, म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर. कोल्हापूर आम्हाला त्या मानाने किती जवळ! पण ट्रायलला कोल्हापूरला जाऊन उपयोग नाही. याच झोनमधल्या गदगचे सुनील जोशी शाळकरी वयात पहाटे हुबळीला सरावाला जायचे आणि शाळेच्या वेळेला गदगला परत यायचे. पुढे १९९९ मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी १० ओव्हरमध्ये ६ रन देऊन ५ विकेट काढल्या. आमच्या पोरांना मी हे आकडे पाठ करायला लावतो. प्रवासाचा कंटाळा आला म्हणणाऱ्याला तर हमखास.

आणि मॅट. आमच्याकडे सगळं घडलं ते काथ्याच्या मॅटवर. सकाळी सहाला चौघे जण ती खांद्यावर घेऊन यायचे. आधी माती झाडायची, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा. मग मॅट उलगडून दोन बाजूंनी दोघं-दोघं ताणायची आणि कडेकडेने खिळे ठोकायचे. एक खिळा जरी वर राहिला तरी बॉल तिथून उसळतो आणि बॅट्समनच्या हनुवटीवर येतो. म्हणून खिळे ठोकून झाले, की मी अजूनही अनवाणी पायाने मॅटभोवती फिरतो. पायाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. मॅटवर बॉल उंच येतो, म्हणून आमची पोरं मागच्या पायावर छान खेळायची. तीच बंगळूरला टर्फवर, म्हणजे गवत-मातीच्या पीचवर, ट्रायलला गेली, की खाली राहिलेल्या बॉलवर पायचीत होऊन यायची. गुणी पोरं होती. दोन बॉलमध्ये परीक्षा संपायची आणि पुन्हा रात्रभराची गाडी. त्यांच्याबद्दलचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही.

भाषेचं विचाराल तर क्लबात निम्मी पोरं घरात मराठी बोलणारी, उरलेली कन्नड, काही उर्दू. रन काढताना हाक कुठल्या भाषेत द्यायची, हा आमच्याकडे खरोखरचा प्रश्न होता. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये आणि 'ब्याड' म्हणजे नको. वारा असला, की समोरच्याला नुसता 'ब' ऐकू येतो आणि दोघे एकाच टोकाला. असे रनआउट मी माझ्या हाताने लिहिलेत. शेवटी ठरलं, की 'ये' आणि 'नको'. 'ये' म्हणा नाहीतर 'येस' म्हणा, सुरुवात तीच. आमचा एक कन्नड ओपनर घरी मराठीचं अक्षर बोलायचा नाही, खरं पीचवर त्याचा 'नकोऽऽ' रेल्वेच्या तिसऱ्या गेटपर्यंत ऐकू जायचा.

१ नोव्हेंबरला आम्ही मॅच ठेवत नाही. त्या दिवशी आमच्यातले काही जण काळ्या दिनाच्या निषेध फेरीत असतात, काही कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. मी फेरीत असतो आणि ते कुणापासून लपवत नाही. सीमाभागाचा प्रश्न माझ्यासाठी अजून जिवंत आहे. पण २ तारखेला पहाटे मॅटची चार टोकं धरायला चार माणसं लागतात, आणि ती चारही येतात. आजवर एकदाही मॅट पडून राहिलेली नाही.

सीमेचा मला खरा राग आला तो शिनोळीकडच्या एका पोरामुळे. वेंगुर्ला रोडनं तासाभराच्या आत शिनोळी येतं, पण तो चंदगड तालुका, महाराष्ट्र. पोरगा बसनं आमच्या नेटला यायचा. तेरा वर्षांचा, डावखुरा, हातातून बॉल सुटायचा तो थेट यॉर्करच, बॅट्समनच्या पायाशी. वयोगटाच्या ट्रायलची वेळ आली तेव्हा त्याचे शाळेचे कागद महाराष्ट्राचे निघाले. मी त्याच्या वडिलांना घेऊन कोल्हापूरला गेलो आणि तिथल्या एका कोचच्या हवाली त्याला केलं. परतताना वडील म्हणाले, "मास्तर, पोरगं तुमचं की." मी मास्तर नव्हे, पण स्कोअर लिहिणाऱ्याला आमच्याकडे अजून मास्तरच म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. १९७४ च्या मार्चमध्ये बंगळूरला रणजीची सेमीफायनल झाली, कर्नाटक विरुद्ध मुंबई. मुंबई सलग १५ वर्षं चॅम्पियन. मी अकरा वर्षांचा. शहापूरच्या खडेबाजारात एका कापडाच्या दुकानात रेडिओभोवती गर्दी. कर्नाटकच्या विश्वनाथनी आणि ब्रिजेश पटेलनी सेंच्युरी ठोकलेली. मग त्यांच्याच प्रसन्नांनी मुंबईच्या गावसकरांची दांडी उडवली. मुंबईचेच अजित वाडेकर जमलेले असताना पाय घसरून रनआउट झाले आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक जिंकलं. माझे बाबा वाडेकरांचे भक्त. ते गप्प बसले. शेजारी बसलेले कन्नड विणकर अण्णा त्यांचे क्लबातले जोडीदार. ते उठून पेढे घेऊन आले आणि पहिला बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी क्षणभर तो तसाच धरला, मग खाल्ला. म्हणाले, "बॉलच तसला होता प्रसन्नाचा."

नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईचा संघ आमच्या गावात आला. ऑटोनगरच्या स्टेडियमवर कर्नाटक विरुद्ध मुंबई. मी कामावर रजा टाकली. मुंबईच्या शिवम दुबेने ७ विकेट घेतल्या, त्याला मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग मुंबईची बॅटिंग आली आणि बॉल रोनित मोरेच्या हातात गेला. रोनित बेळगावचा. इथल्याच वाऱ्यात वाढलेला, आणि समोर ज्या संघाची नावं मी लहानपणी वहीच्या मागच्या पानावर लिहायचो तो संघ. त्याने त्या डावात ५ जण बाद केले. माझ्या पुढच्या रांगेत कोल्हापूरहून आलेले काही जण होते. तिसऱ्या विकेटला त्यातल्या एकाने मागे वळून विचारलं, "काका, तुम्ही मराठीच ना? मग ओरडताय कुणासाठी?"

मी त्यांना म्हटलं, "पोरगं आमच्या गावचं हाय."

पुढच्या वर्षी त्याच मैदानावर भारत 'अ' संघाकडून पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने श्रीलंका 'अ' विरुद्ध नाबाद १८७ केले, तेव्हाही मी ओरडलो आणि शेजारचे कन्नड प्रेक्षकही तितकेच ओरडले.

रोनितच्या त्या मॅचनंतरच्या रविवारी नेटला नेहमीपेक्षा जास्त पोरं आली. एरवी सगळ्यांना बॅटिंग हवी असते. त्या दिवशी एकानेही पॅड बांधले नाहीत, सगळे बॉल मागायला लागले. एकाने तर रनअपची पावलं मोजत मोजत थेट माठापर्यंत मजल मारली. मी त्यांना थांबवलं नाही. हातोडी घेतली आणि बॉलिंगच्या टोकाचे खिळे पुन्हा एकदा ठोकून घेतले.