हनुक्काची सजावट झाली एका संध्याकाळी, दिवा सुटायला लागले तीन आठवडे

आधी एकच सांगते, परदेशातून कुणी घरातली जुनी वस्तू पाठवणार असेल तर त्यांना हात जोडून सांगा की कस्टम्सच्या फॉर्मवर 'अँटिक' हा शब्द लिहू नका. किंमत शून्य लिहू नका. आणि घेणाऱ्याचं नाव आधार कार्डावर जसं आहे तस्संच लिहा, अक्षरन् अक्षर. माझ्या आत्याने तिन्ही गोष्टी नेमक्या उलट केल्या.

आम्ही ठाण्यातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. हनुक्का हा आमचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, रोज एक दिवा वाढवायचा. आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते, त्यांनी १९५२ च्या सुमारास पितळी पत्र्यातून घरीच हनुक्काचा दिवा बनवला होता. मागे मागेन दाविद, म्हणजे सहा टोकांचा तारा, खाली एका ओळीत आठ कड्या, कडीत काचेचा छोटा पेला बसायचा, आणि वर ताऱ्याच्या टोकाशी नववी कडी शमाशची, ज्याने बाकीचे पेटवायचे तो. आत्या १९७१ ला इस्रायलमध्ये अशदोदला गेली तेव्हा तो सोबत घेऊन गेली. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. तिकडे सगळे मेणबत्त्या लावतात, म्हणून म्हणाली, "अगं तूच ने तो, तुझ्याकडे निदान खोबरेल तरी मिळेल त्याला."

२०२५ चा हनुक्का १४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होणार होता. पार्सल २७ नोव्हेंबरला मुंबईत आलं. म्हटलं दोन आठवडे हातात आहेत, निवांत. निवांत कसलं डोंबलाचं.

ट्रॅकिंगवर 'होल्ड' आलं. केवायसीची लिंक आली, आधार अपलोड केलं, फाइल मोठी म्हणून रिजेक्ट, छोटी करून टाकली तर नाव जुळत नाही म्हणून रिजेक्ट. आधारवर मी रेबेका, पार्सलवर आत्याने लिहिलं होतं रिवका, कारण तिकडे पन्नास वर्षं राहून तिच्या तोंडात तेच बसलंय. नाव एकच आहे हो, एक इंग्रजी बायबलातलं आणि एक हिब्रूतलं, हे मी कुरियरवाल्यांच्या चार वेगवेगळ्या मुलांना फोनवर समजावलं आणि चौघांनीही "ओके मॅम, नोट केलंय" म्हटलं. नोट कुठे केलं देव जाणे. पाचव्या फोनला एका मुलीने खरं सांगितलं, की नाव घेणाऱ्याला बदलता येतच नाही, ज्याने पाठवलंय त्यानेच तिकडच्या ऑफिसातून दुरुस्ती मागायची. हे वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे सहा दिवस वाचले असते!

मग आत्याला कामाला लावलं. पण तिकडचं ऑफिस शुक्रवारी दुपारी बंद होतं ते थेट रविवारी उघडतं, आणि रविवारी इकडचं बंद. शिवाय आपण साडेतीन तास पुढे, त्यांची सकाळ होईस्तोवर आपली दुपार. म्हणजे शुक्रवार ते सोमवार कुणीच कुणाशी बोलत नाही. असे दोन आठवडाअखेर गेले.

नाव सुटलं तर 'अँटिक' पुढे आलं. शंभर वर्षांच्या वरची वस्तू असेल तर तिचा हिशोब वेगळा, म्हणून वय सांगा म्हणाले. बिल आणा म्हणाले. आजोबांनी घरात बनवलेल्या वस्तूचं बिल! मग 'लॅम्प' आहे तर इलेक्ट्रिकलचं सर्टिफिकेट लागेल का, यावर दोन मेल. शेवटी मी साध्या कागदावर लिहून सही करून पाठवलं: पितळी दिवा, तेलाचा, वायर नाही, बॅटरी नाही, घरी बनवलेला, अंदाजे ७३ वर्षं जुना, विक्रीसाठी नाही, किंमत १,५०० रुपये. सोबत आत्याने तिच्याकडे काढलेले चार फोटो आणि तिच्या सहीचं पत्र. हे चाललं! बिल नसेल तर एवढं करा, फक्त ते मागतील तोवर थांबू नका, पार्सल निघायच्या आधीच पाठवणाऱ्याकडून घेऊन ठेवा.

आणि गिफ्ट लिहिलं म्हणून फुकट सुटेल या भ्रमात राहू नका. भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ ला गेली, ड्युटी भरावीच लागते. राखीला मात्र सूट आहे. फोनवर मी चिडून म्हटलं पुढच्या वेळी आत्याला दिव्याला राखी बांधून पाठवायला सांगते, तर तो मुलगा गंभीरपणे म्हणाला, मॅम, राखीसोबतच्या गिफ्टला सूट नाही. एकूण २,३६० रुपये भरले, त्यात ड्युटीपेक्षा त्यांचा हँडलिंग चार्ज जास्त.

तोवर १४ तारीख उजाडली. घरात दिवाळीच्या एक डझन कोऱ्या पणत्या होत्या, त्या काढल्या. टेंभी नाक्याच्या आमच्या मशिदीतल्या (हो, आमचे जुने लोक सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात) एका काकांनी सांगितलं की मातीची पणती एकदा जळली की जुनी झाली, दुसऱ्या रात्री नवी घ्यायची. मग हिशोब बघा, पहिल्या रात्री एक, मग दोन, तीन, चार, झाल्या दहा. शमाशला मेणबत्ती. पाचव्या रात्रीला लागणार पाच आणि उरल्या दोन. डिसेंबरात पणत्या कोण विकतं.

गुरुवारी १८ ला, म्हणजे पाचव्या दिव्याच्या दिवशी, दुपारी मेसेज आला, पार्सल वॉचमनकडे दिलंय. वॉचमनकडे! तीन आठवडे माझ्या नावाच्या एकेका अक्षरावरून छळ आणि शेवटी ना आयडी ना सही.

बाकीची सजावट तर चुटकीसरशी झाली. आजीच्या जुन्या नऊवारीचा काठ उसवून ठेवला होता, तो पाटाच्या पुढच्या कडेला टाचण्यांनी लावला, ज्योतीपासून हातभर लांब. दिवा चिंच-मिठाने घासला, पण पटकन धुतला कारण कड्या डाखाने जोडलेल्या आहेत. ताऱ्याच्या कोपऱ्यातला काळेपणा मुद्दाम ठेवलाय, तिथे आजोबांच्या कानसेचे ओरखडे दिसतात. पेले आत्याकडेच कधीतरी फुटून गेलेले. कटिंग चहाचा ग्लास कडीत जाईना, शेवटी निमुळते शॉट ग्लास बसले. कडीचं आतलं माप घेऊनच दुकानात जा, आणि हाताने बनवलेलं असेल तर प्रत्येक कडीचं वेगळं घ्या. एकीत पेला हलत होता, तिला तांब्याची तार गुंडाळली. पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यावर वात. डिसेंबरात तेल थिजतं, बाटली आधी गरम पाण्यात धरा.

मुलीने पुठ्ठ्याचा द्रेडेल केला, चार बाजूंचा भोवरा, त्यावर नून, गिमेल, हे, शिन, म्हणजे 'तिथे मोठा चमत्कार झाला', एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं तो. पार्सलात आत्याचा जुना लाकडी निघाला, त्यावर शिनच्या जागी पे, म्हणजे 'इथे', कारण चमत्कार इस्रायलातलाच. दोन्ही पाटावर शेजारी ठेवलेत.

आमचे पूर्वज कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले ते मक्काबींच्या, म्हणजे ज्यांच्या विजयावरून हा सण आला त्यांच्या, आधीच निघालेले, म्हणून त्यांना हनुक्का ठाऊकच नव्हता असं घरात सांगतात. सण नंतर शिकलो. आणि कोकणात धंदा काय तर तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून नाव पडलं शनिवार तेली. तेलाच्या चमत्काराचा सण माहीत नाही आणि गावाला तेल पुरवतायत!

हां, शुक्रवारचं राहिलंच. त्या दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी लावायचे, सूर्य असताना, आणि ते अंधार पडल्यावरही अर्धा तास जळले पाहिजेत, म्हणून तेल जास्त घाला. मी घातलं. आत्याला आदल्या रात्रीच व्हिडिओ कॉलवर पाच दिवे दाखवले, तर ती चष्मा पुसून स्क्रीनजवळ आली आणि म्हणाली, "ती तार कशाला गुंडाळलीस? ती कडी आधीपासूनच मोठी आहे, बाबा तिथे पेल्याला सुतळी लावायचे."