पराती, बिबडे आणि ल्युक्ट्रा

मे महिना, खानदेशातलं चोपडं, सकाळचे साडेसात. गच्चीवर दोन खाटांवर जुनं लुगडं अंथरून आईने ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातलेले. शेजारी मी भाच्याला आणि त्याच्या पाच मित्रांना ग्रीकांची फळी, म्हणजे ढालीला ढाल लावून लढणारी रांग, शिकवत होतो. ढाली म्हणून घरातल्या पराती, डाव्या हाताला रुमालाने बांधलेल्या.

ढाल डाव्या हातावर असली की उजवी कूस उघडी राहते. मग ती झाकायला प्रत्येक जण उजवीकडच्या गड्याच्या ढालीआड सरकतो. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझने हे लिहून ठेवलंय. मी समोरून मोज्यांचे गोळे मारायला लागलो, आणि आठ-दहा पावलांत अख्खी फळी उजवीकडे वाहवत गेली. काही शिकवावं लागलं नाही. टोकाचा पोरगा गुडघ्याने खाटेला धडकला, मागचे त्याच्यावर.

"मनी परात कोठे शे रे?" खालून आई. बिबड्यांचं तिला अजून कळलं नव्हतं.

तेवढ्यात मी पोरांना थीब्ज आणि स्पार्टा या ग्रीक नगरांची ल्युक्ट्राची लढाई उरकून टाकली. इ.स.पू. 371. बळकट माणसं उजव्या टोकाला हा रिवाज, म्हणजे दोघांचंही जबर टोक समोरच्याच्या कच्च्या टोकाशी भिडायचं. थीब्जच्या सेनापती एपामिनोंडसने आपलं जबर टोक डावीकडे नेलं, थेट स्पार्टाच्या राजासमोर. तिथे माणसं उभी केली एकामागे एक 50. स्पार्टाची रांग जेमतेम 12 खोल. उजवी बाजू त्याने मुद्दाम मागे ठेवली. क्लिओम्ब्रोटस राजा पडला.

पुस्तकं या 50 च्या आकड्यावरच खूश असतात. मला त्या काळच्या झेनोफन या ग्रीक लेखकाचा दुसरा आकडा जास्त बोचतो: रणात होते ते अस्सल स्पार्टन नागरिक सुमारे 700, त्यातले 400 च्या आसपास गेले. मुळातच मूठभर उरलेली जमात. भरती करणार कुठून? दोनेक वर्षांत मेसेनिया हा ताब्यातला शेजारचा मुलूख हातातून गेला. तिथले हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे वेठबिगार, शेत कसायचे म्हणून तर स्पार्टाचे पुरुष आयुष्यभर कवायत करू शकत होते.

"मंग त्यांची शेती कोन करी?" भाच्याने विचारलं. कपाशीवाल्याचा पोरगा, दुसरं काय विचारणार!

आई वर आली. मोजून चौदा बिबडे फाटले होते. मला काय बोलली ते इथे लिहीत नाही. पोरांना मात्र तेच ओले तुकडे शेंगदाण्याचं तेल लावून दिले, आणि पोचा आलेली परात माझ्या हातात.