उपड्या टोपलीपासून: आमची वाटचाल

आम्ही हीटरभोवती उभ्या करायच्या तारेच्या जाळ्या बनवतो. सुरुवात मात्र एका टोपलीपासून झाली. माझा धाकटा भाऊ 1983 च्या जुलैत झाला. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. पंधरा दिवस पावसाला उघडीप नव्हती आणि दोरीवरची दुपटी, लंगोट काही केल्या सुकेनात. आईने मग तिच्या माहेरी करतात तसं केलं. शेगडीत निखारे, त्यावर बांबूची टोपली उपडी, आणि टोपलीवर बाळाचे कपडे. चौथ्या दिवशी टोपलीचं बूड करपलं आणि एका दुपट्याला रुपयाएवढं भोक पडलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा घरीच असायचे. ते गिरणीच्या वर्कशॉप खात्यात फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. आईने करपलेली टोपली त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "अहो, हीच तारेची करून द्या की." घरात पक्कड होती, कानस होती, हातोडी होती. तार नव्हती. अण्णा मशीद बंदरला उतरून नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेले आणि दहा नंबरची जाड व सोळा नंबरची बारीक, अशी थोडी थोडी तार घेऊन आले. वेल्डिंगचा प्रश्नच नव्हता. नाक्यावर बसणारा बुरूड कामट्या कशा गुंफतो ते त्यांनी दोन संध्याकाळी शेजारी बसून पाहिलं. जाड तारेचे उभे दांडे आणि त्यांना बारीक तारेची बांधणी, अशी पहिली टोपली झाली. मी तेव्हा सात वर्षांची होते. गॅलरीत बसून तारेची टोकं आत वळवायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझी बोटं बारीक. टोक बाहेर राहिलं की कपडा फाटतो.

चाळीत त्या पावसाळ्यात आणखी दोन बाळंतिणी होत्या. त्यांनाही टोपल्या हव्या झाल्या. एक टोपली अठरा रुपये. आमच्या धंद्याची ही पहिली विक्री.

हीटरची जाळी आली ती एका भाजण्यावरून. आमच्याच मजल्यावरच्या काकूंनी 1987 च्या सुमारास रॉडचा हीटर आणला. म्हातारीचे सांधे धरायचे म्हणून आणला आणि पावसात कपडे वाळवायलाही वापरू लागल्या. त्यांचा रांगता नातू लाल दिसतंय म्हणून तिकडे गेला आणि त्याचा तळहात भाजला. हीटरच्या तोंडावर कंपनीची जाळी होती, पण ती बोट आतल्या रॉडला लागू नये एवढ्यापुरती असते. ती स्वतः तापते. काकू अण्णांकडे आल्या, "भाऊ, टोपलीसारखं काही करा याला."

अण्णांनी केलं, आणि चुकलं. त्यांनी हीटरला बेताचा बसेल असा पिंजरा केला, चार बोटं अंतर सोडून. अर्ध्या तासात पिंजराच हात लावू देईना. रॉडवरचा लाल झालेला नायक्रोमच्या तारेचा पीळ सात-आठशे अंशांवर असतो, त्याच्यासमोर चार बोटं म्हणजे काहीच नाही. अण्णांनी तो पिंजरा परत आणून दारामागे टांगला. तो अजून माझ्याकडे आहे.

मग त्यांनी चाचणी शोधली, ती आम्ही आजही करतो. पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, प्रत्येक चौथ्या तारेवर, मेणबत्तीचा एकेक थेंब टाकायचा आणि हीटर तासभर पूर्ण चालवायचा. मेण साधारण 55 ते 60 अंशांना वितळतं. एवढ्या तापलेल्या धातूला बोट काही सेकंद टेकलं तरी पोळतं. म्हणजे थेंब ओघळला की अंतर कमी पडलं. थेंब होता तसा राहिला तर जाळी द्यायला हरकत नाही. असं करत करत हजार वॅटच्या हीटरसाठी समोरचं अंतर एक वीत ठरलं. गिऱ्हाइकाला इंच-सेंटिमीटर लक्षात राहत नाहीत, वीत राहते.

जाळीच्या घराचं, म्हणजे एका तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंतचं, मापही असंच हळूहळू ठरलं. बारीक जाळी जास्त सुरक्षित, असं प्रत्येकाला वाटतं. पण हिशेब करून बघा. 12.5 मिलिमीटरच्या घराला 2 मिलिमीटरची तार वापरली तर तीस टक्के वाट तारच अडवते. तेवढी उष्णता खोलीत जायची ती जाळीत अडकते, आणि जाळी तापते. 25 मिलिमीटरच्या घराला तीच तार पंधरा टक्केच अडवते. घर मोठं असलं तर लहान मुलाचं बोट आत जातं, हे खरं. पण मूठ जात नाही, आणि बोटाची लांबी वितेपेक्षा बरीच कमी. म्हणून आमची जाळी 25 ची, तार चौदा नंबर, आणि चौकट दहा नंबरची. (तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, चौदा म्हणजे दोन. फोनवर ऑर्डर देणारे नेहमी इथे उलटं धरतात, म्हणून मी मिलिमीटर विचारून घेते.)

आता वरच्या बाजूबद्दल, कारण माझ्या मते आमचं खरं काम तेच आहे. पहिल्या जाळ्यांचा माथा सपाट होता. काकूंकडे आठवड्याने गेलो तर त्यावर टॉवेल. साहजिकच आहे. टोपलीवर कपडे वाळवायचे असतात हे आम्हीच तर चाळीला शिकवलं होतं! पण निखाऱ्यांची शेगडी तासाभरात मंदावते आणि तिच्यासमोर आई बसलेली असते. विजेचा हीटर मंदावत नाही, आणि तो लावून माणूस झोपी जातो. टॉवेल घसरून समोर लोंबला तर काय होईल हे सांगायला नको. त्या दिवसापासून अण्णांनी माथा उतरता केला, कौलारू घरासारखा, पन्नास अंशांचा. त्यावर कपडा ठेवला तर सरकून बाहेरच्या बाजूला जमिनीवर पडतो. गिऱ्हाइकं गेली यापायी. "ताई, वर सपाट करून द्या, दोन पैसे जास्त घ्या," असं मला आजही दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणतं. मी देत नाही. कपडे वाळवायला दोरी आहे, पंखा आहे.

भिंतीला अडकवायचे दोन आकडेही आम्ही सोबत देतोच. नुसती ठेवलेली जाळी मूल ओढून घेतं. आणि एक गोष्ट प्रत्येक पावतीवर लिहिते: जाळी भाजण्यापासून वाचवते, शॉकपासून नाही. हीटरची अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये लावणारी घरं मी पाहिली आहेत. हीटरच्या अंगची जाळीही काढू नका. आमची तिच्या बाहेर उभी राहते, तिची जागा घेत नाही.

मी बी.कॉम. करून एका कचेरीत हिशेब लिहीत होते. 1996 मध्ये अण्णांनी भांडुपला छोटा गाळा घेतला तेव्हा ती नोकरी सोडली. खोलीत स्पॉट वेल्डिंगचं मशीन चालवणं शक्यच नव्हतं. एकदा मागून आणून लावलं तर खोलीचा फ्यूज तर गेलाच, अख्ख्या मजल्याचे दिवे मंद झाले. गाळ्यात थ्री फेज मिळाला आणि बांधणीचं काम संपलं. दिवसाला तीन जाळ्यांच्या ठिकाणी वीस होऊ लागल्या.

पण मशीनबरोबर एक धडा आला. पहिल्याच पावसाळ्यात शटर खाली ओढून आम्ही जस्त चढवलेली जीआय तार दिवसभर वेल्डिंग करत होतो. रात्री अण्णांना हुडहुडी भरून ताप, तोंडाला धातूची चव. मलेरियाच वाटला. सकाळपर्यंत ताप उतरला. डॉक्टरांनी कामाचं विचारलं आणि सांगितलं, हा जस्ताच्या धुराचा ताप. तेव्हापासून वेल्डिंग काळ्या, म्हणजे जस्त न चढवलेल्या, तारेचंच करतो, मुलामा किंवा पावडर कोटिंग नंतर. यात दुसरा फायदाही निघाला. जस्त तांब्याच्या इलेक्ट्रोडला चिकटून टोक खराब करतं, ते थांबलं.

हिरव्या प्लॅस्टिकचं आवरण असलेली कुंपणाची जाळी स्वस्त मिळते, ती वापरा, असं एका व्यापाऱ्याने सुचवलं होतं. नमुना लावून पाहिला, वीस मिनिटांत गाळ्यात वास भरला. त्याच व्यापाऱ्याने पुढे साठ जाळ्यांचे पैसे दोन हिवाळे थकवले. आता निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय तार कापत नाही.

26 जुलै 2005 ला गाळ्यात छातीएवढं पाणी होतं. काळी तार दोन दिवसांत लाल झाली. जीआयची भेंडोळी वरून बरी दिसली, पण ओली गुंडाळलेली राहिल्याने आतून पांढरी भुकटी धरली. सगळी भंगारात गेली. तेव्हापासून तार जमिनीवर ठेवत नाही, भिंतीला चार फुटांवर खुंट्या आहेत.

मुंबईत हीटरला कोण विचारतं, हे लोक म्हणतात ते बरोबरच आहे. 1962 च्या जानेवारीत सांताक्रूझला 7.4 अंशांपर्यंत पारा गेला होता, पण अशी थंडी काही दरवर्षी येत नाही. आमचा माल जातो तो नाशिककडे, निफाडला, महाबळेश्वर-पाचगणीच्या वसतिगृहांना. फिजिओथेरपीवाले शेकायच्या दिव्यासाठी घेतात. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मात्र कोंबड्यांची पिल्लं वाढवणारे निघाले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंशांची ऊब लागते, त्यासाठी अडीचशे वॅटचे दिवे खाली टांगतात, आणि खाली भाताचा तूस पसरलेला. दिवा सुटून तुसात पडला की शेड गेली. म्हणून दिव्याला खालून गोल जाळी करतो, म्हणजे पडला तरी काच तुसाला टेकत नाही, आणि सोबत साखळी देतो. दिवा वायरवर टांगायचा नाही, साखळीवरच. कर्जतच्या एका शेतकऱ्याने हे फोनवर तीनदा म्हणवून घेतलं आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं. असं गिऱ्हाईक मिळालं की त्या दिवशी काम करायला हुरूप येतो.

अण्णा 2014 मध्ये गेले. गाळ्यात आता आम्ही पाच जण आहोत, त्यात तीन बायका. तारेची टोकं वळवायचं काम अजून हातानेच होतं. भावाची मुलगी यंदा डिप्लोमा करते आहे. परवा दारामागचा तो पहिला, चुकलेला पिंजरा खाली काढून तिने विचारलं, "आत्या, याला मेणाचा थेंब लावून पाहू?" हीटर लावला, घड्याळ ठेवलं. सातव्या मिनिटाला थेंब ओघळला. तिने तारेवर पेनाने खूण केली आणि टेप घेऊन अंतर मोजायला बसली.